कोदोरी खोऱ्याचा सातबारा

गावाकडे जमिनीचा वाद उभा राहिला की जाणता माणूस नुसता सातबारा बघून थांबत नाही, तो फेरफार काढायला सांगतो. आज उताऱ्यावर नाव कोणाचं आहे ते सातबारावर दिसतं. त्याआधीचं नाव कसं गेलं, वारसानं गेलं, खरेदीखतानं गेलं की आणखी कशानं, ते फेरफारात कळतं. वादाचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

काकेशस पर्वतातल्या कोदोरी नदीच्या खोऱ्याविषयी गेली काही वर्षं हाती लागेल ते वाचत आलो आहे. जॉर्जियाच्या बाजूचं वाचलं, अबखाज बाजूचं वाचलं. दोन्हीकडचे विद्वान आपापला सातबारा पुढे करतात. दीड हजार वर्षांपूर्वी इथं आमचीच माणसं होती असं दोघंही सांगतात, आणि दोघांकडेही पुरावे आहेत. फेरफाराची पानं उलटायला मात्र दोघंही नाखूश असतात, कारण त्या पानांवर आपल्याच माणसांनी केलेल्या नोंदी निघतात. या खोऱ्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न ‘आधी कोण आलं’ यावरून सुटणार नाही असं माझं ठाम मत आहे. इथून कोणाकोणाला घालवलं, आणि त्यातल्या कोणाला परत यायचं आहे, इथून सुरुवात केली तर थोडीफार वाट दिसते.

आधी जागा समजून घेऊ. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर अबखाझिया हा अबखाज लोकांच्या नावाचा प्रदेश आहे. १९९३ पर्यंत तिथं प्रत्यक्षात जॉर्जियाचा अंमल होता. आज तिथं वेगळं सरकार आहे, रशियाचं सैन्य आहे, आणि जगातल्या मोजक्याच देशांची त्याला मान्यता आहे. भारताची नाही. सुखुमी ही त्याची राजधानी, समुद्रालगतची. तिच्या दक्षिणेला कोदोरी समुद्राला मिळते. मुखाजवळ द्रांदा गावात सहाव्या शतकातलं चर्च अजून उभं आहे. नदीच्या काठानं वर जाऊ लागलं की डोंगर जवळ येत जातात. त्सेबेल्दा लागतं, लाता लागतं, तिथून पुढं दरी अरुंद होते. आणखी वर च्खाल्ता, आझारा, गेन्त्स्विशी, साकेनी अशी तुरळक गावं आहेत. साकेनी आणि ग्वांद्रा या दोन नद्यांच्या संगमातून कोदोरी बनते. वरून मुख्य दोन वाटा निघतात. एक उत्तरेला २,७८१ मीटर उंचीच्या क्लुखोर खिंडीतून रशियाच्या कराचाय प्रदेशात उतरते, दुसरी पूर्वेला साकेनीवरून जॉर्जियाच्या स्वानेती भागात जाते. हिवाळ्यात दोन्ही बर्फाखाली असतात.

म्हणजे सह्याद्रीतल्या घाटासारखी ही जागा आहे. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती खालचा किनारा. घाटाखालच्या राजधान्यांना घाटाचं मोल कळतं, पण घाटात राहणाऱ्यांना काय हवं हे विचारायची त्यांना गरज वाटत नाही. कोदोरीच्या वाट्याला हेच आलं, आणि त्याची पहिली लेखी नोंद इसवी सनाच्या सहाव्या शतकातली आहे.

तेव्हा बायझंटाइन साम्राज्य आणि इराण यांच्यात या किनारपट्टीसाठी, लाझिकासाठी, युद्ध चाललं होतं. खोऱ्याच्या वरच्या भागात मिसिमियन नावाचे लोक राहत. अगाथियास या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलेली हकिगत अशी: बायझंटाइन दरबाराचा सोतेरिकस नावाचा दूत शेजारच्या टोळ्यांना द्यायचं सोनं घेऊन या भागात आला. आपला सीमेवरचा किल्ला काढून हा डोंगरापलीकडच्या अलान लोकांना देणार, असा मिसिमियनांना संशय आला. त्यांनी आपली माणसं बोलणी करायला पाठवली, तर सोतेरिकसनं त्यांना काठ्यांनी बदडून हाकललं. त्या रात्री मिसिमियनांनी त्याच्या मुक्कामावर चाल करून त्याला ठार केलं, सोनं घेतलं, आणि आता सूड येणार हे ओळखून इराणचा आश्रय मागितला. इराणकडून यायची ती मदत टिकली नाही. बायझंटाइन फौज मात्र आली आणि तिनं रात्री वस्तीवर छापा घालून कत्तल केली. अगाथियास स्वतः त्याच साम्राज्याचा माणूस होता, पण लहान मुलांना जसं मारलं त्याचं वर्णन करताना त्याला ते सहन झालेलं नाही, हे वाचताना जाणवतं.

मला ही हकिगत या खोऱ्याच्या साऱ्या इतिहासाची नांदी वाटते. दोन बड्या सत्ता, मधे एक घाट, किल्ला कोणाला द्यायचा याचा निर्णय बाहेर, आणि विचारायला गेलेल्यांना काठ्या. पण आजच्या वादात या हकिगतीतलं दुःख कोणी आठवत नाही. वाद आहे तो ‘मिसिमियन’ या एका शब्दाचा. शेजारच्या स्वानेतीतले स्वान लोक स्वतःला मुश्वान म्हणतात, तेव्हा मिसिमियन म्हणजे स्वान, म्हणजेच जॉर्जियन, असं एक बाजू म्हणते. याच खोऱ्यात पुढं राज्य केलेल्या अबखाज सरदार घराण्याचं नाव मार्शान, तेव्हा मिसिमियन म्हणजे अबखाजांचे पूर्वज, असं दुसरी बाजू म्हणते. अगाथियासनं एवढंच लिहिलं आहे की हे लोक शेजारच्या अप्सिलांप्रमाणेच लाझिकाच्या राजाचे प्रजाजन आहेत, पण त्यांची भाषा आणि चालीरीती वेगळ्या आहेत. एका ग्रीक माणसानं कानावर पडलेलं नाव आपल्या लिपीत जसं बसलं तसं लिहिलं. त्यावर आज या खोऱ्यातून निघून जावं लागलेल्या दोन हजार माणसांच्या घराचा निकाल लावायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

याचा अर्थ जुना इतिहास निरुपयोगी आहे असा नाही. त्सेबेल्दाजवळ त्सिबिलियमचा बायझंटाइनकालीन किल्ला आहे आणि आसपास पहिल्या ते सातव्या शतकातल्या शेकडो कबरी सापडल्या. युरी व्होरोनोव या पुरातत्त्वज्ञानं त्यांचं आयुष्यभर उत्खनन केलं. तो वंशानं रशियन, पण जन्मला त्सेबेल्दात. युद्धात तो अबखाजांच्या बाजूनं उभा राहिला, पुढं त्यांच्या सरकारात उपपंतप्रधान झाला, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये सुखुमीत राहत्या घरी गोळ्या घालून मारला गेला. त्या कबरींतल्या मण्यांवरून, तलवारींवरून, मडक्यांवरून आपल्याला ते लोक कसे जगले हे कळतं. आज त्या जमिनीवर कोणी राहावं, हे ती मडकी कशी सांगणार?

आता फेरफार.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरच्या खोऱ्यात दाल आणि त्याखाली त्सेबेल्दा असे दोन अबखाज समाज नांदत होते. नावाला अबखाझियाच्या राजाचे, पण कोणाचं न ऐकणारे. किनारा रशियाच्या हाती गेल्यावरही हे डोंगर गेले नव्हते. १८३७ मध्ये त्सेबेल्दानं रशियन फौजेपुढं मान तुकवली. १८४० मध्ये दाल उठलं, तेव्हा रशियन तुकड्यांनी हिवाळ्यात गावं जाळली आणि माणसांना खाली त्सेबेल्दात हलवलं. वरचं खोरं तेव्हा पहिल्यांदा रिकामं झालं. काही वर्षांनी माणसं परतली, पण १८६४ मध्ये काकेशसचं युद्ध संपलं आणि अबखाझियाचं संस्थान खालसा झालं. १८६६ मध्ये लिख्नी गावातून बंड पेटलं, आणि त्याची शिक्षा म्हणून १८६७ मध्ये सुमारे २०,००० अबखाजांना जहाजांत भरून तुर्कस्तानात पाठवलं गेलं. त्यातले बहुतेक दाल आणि त्सेबेल्दाचे. खोरं इतकं ओस पडलं की पाठीमागं फक्त फळझाडं आणि थडगी उरली. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर किनाऱ्यावरचे आणखी हजारो गेले.

अबखाज भाषेत या देशत्यागाला जो शब्द आहे तो ‘मुहाजिर’ याच शब्दावरून आला आहे. आपल्याकडे तो फाळणीमुळे ओळखीचा झाला आहे. जे मागं राहिले त्यांनाही सरकारनं ‘गुन्हेगार जनता’ ठरवलं, किनाऱ्यालगत राहायला बंदी केली, आणि हा शिक्का १९०७ पर्यंत पुसला नाही. अबखाज माणसाच्या मनात आजही जी धास्ती आहे, आपण संपून जाऊ ही, तिची मुळं इथं आहेत. तिला कोणी अतिरेक म्हणू नये. तुर्कस्तानात आज राहणाऱ्या मूळच्या अबखाजांची संख्या खुद्द अबखाझियातल्या अबखाजांहून मोठी आहे.

मोकळी झालेली जमीन रशियन साम्राज्यानं मोकळी ठेवली नाही. आर्मेनियन आले, तुर्की मुलखातून ग्रीक आले, रशियन आले, शेजारच्या मिंग्रेलिया भागातले जॉर्जियन आले. १८८२ मध्ये तर बाल्टिक किनाऱ्यावरचे एस्टोनियन शेतकरी येऊन कोदोरीच्या काठी वसले, त्यांच्या गावाचं नावच एस्टोंका. आणि वरच्या, सर्वांत अवघड भागात, बर्फाच्या खिंडी ओलांडून स्वान आले.

स्वान हे जॉर्जियनांचे भाषाभगिनी म्हणावे असे लोक. त्यांची भाषा जॉर्जियनच्या कुळातली, पण सर्वांत आधी वेगळी झालेली. जॉर्जियन माणसाला ती ऐकून समजत नाही. शाळा, चर्च, कागदपत्र सगळं जॉर्जियनमध्ये, घरात आणि अंगणात स्वान. उंच दगडी बुरुजांच्या घरांसाठी स्वानेती प्रसिद्ध आहे. तिकडे जमीन थोडी, हिवाळा लांब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कुटुंबं शेजारच्या रिकाम्या खोऱ्यात उतरली, गुरं घेऊन, मधमाश्यांची पोळी घेऊन. त्यांनी कोणाला हुसकलं नव्हतं. ज्यांनी हुसकलं ते झारचे सेनापती. पण ज्या जमिनीवर ती कुटुंबं वसली तिच्यावर आधी कोणाची तरी चूल होती, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात म्हणणारा जॉर्जियन किंवा अबखाज लेखक मला फार क्वचित भेटला.

सोव्हिएत काळाबद्दल खूप लिहिता येईल. मी फक्त खोऱ्याशी संबंध असलेलं सांगतो. १९३१ मध्ये अबखाझियाचा दर्जा उतरवून ते जॉर्जियाच्या पोटात स्वायत्त प्रजासत्ताक झालं. पुढं स्टालिन आणि त्याचा सहकारी बेरिया यांच्या काळात जॉर्जियन शेतकऱ्यांच्या वसाहती सरकारी योजनेनं वसवल्या गेल्या, अबखाज भाषेला जॉर्जियन लिपी लावली गेली, १९४५-४६ मध्ये अबखाज शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. नोव्हेंबर १९४३ मध्ये क्लुखोर खिंडीपलीकडचे कराचाय लोक एकगठ्ठा मध्य आशियात हद्दपार झाले, त्यांचा मुलूख जॉर्जियाला जोडला गेला, आणि त्यांच्या रिकाम्या घरांत स्वानांना नेऊन वसवलं. १९५७ च्या सुमारास कराचाय परत आले आणि स्वानांना तिथून निघावं लागलं. १९४९ मध्ये त्सेबेल्दा भागातल्या आणि किनाऱ्यावरच्या ग्रीकांची पाळी आली, त्यांना कझाकस्तानात पाठवलं. थोडक्यात, या डोंगरात कोणतंही घर रिकामं झालं की राज्यकर्ते त्यात दुसऱ्या कोणाला तरी बसवत, आणि नव्यानं बसलेल्याला आधीच्याचा वैरी करून ठेवत.

त्याच वेळी लेखणीही चालली होती. १९५० च्या दशकात पावले इंगोरोक्वा या जॉर्जियन विद्वानानं मांडलं की मध्ययुगातले अबखाज हे जॉर्जियनच होते आणि आजचे अबखाज म्हणजे नंतर उत्तरेकडून डोंगर उतरून आलेले परके. सुखुमीत यावर संताप उसळला. हा सिद्धांत बऱ्याच जॉर्जियन अभ्यासकांनाही पटला नव्हता, तरी १९८० च्या दशकाअखेर राष्ट्रवादाच्या लाटेत तो पुन्हा वर आला आणि ‘हे पाहुणे आहेत’ ही भाषा सभांमध्ये ऐकू येऊ लागली. १९८९ च्या जनगणनेत अबखाझियातले अबखाज होते ९३,०००, म्हणजे शेकडा १८ च्या आत. जॉर्जियन होते सुमारे २,४०,०००. आपल्याच नावाच्या प्रदेशात शंभरातले अठरा उरलेल्यांना तुम्ही पाहुणे म्हणालात, तर पुढं जे झालं त्यात तुमचा वाटा आहे.

१४ ऑगस्ट १९९२ रोजी जॉर्जियाचं सैन्य अबखाझियात घुसलं. २२ ऑक्टोबरला, शहर जॉर्जियन ताब्यात असताना, सुखुमीतलं अबखाझियाचं सरकारी अभिलेखागार आणि भाषा-इतिहासाची संशोधन संस्था जाळली गेली. मला या एका घटनेपाशी थांबावंसं वाटतं. जन्ममृत्यूच्या नोंदी, गावांची दफ्तरं, लोककथांच्या वह्या, हद्दपार ग्रीकांची कागदपत्रं, सगळं एका दिवसात गेलं. आज ‘तुमचा या मातीवर हक्क काय, पुरावा दाखवा’ असं अबखाजाला विचारणाऱ्या जॉर्जियन विद्वानानं आधी हे आठवावं की तो पुरावा कोणाच्या पहाऱ्यात जळाला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला वेढ्यात अडकलेल्या त्क्वार्चेली गावातून बायका-मुलांना घेऊन निघालेलं रशियन हेलिकॉप्टर कोदोरी खोऱ्यात लाताजवळ पाडलं गेलं. त्यात गरोदर बायका होत्या. अबखाज दरवर्षी तो दिवस पाळतात.

मग पारडं फिरलं. २७ सप्टेंबर १९९३ रोजी सुखुमी पडली. उत्तर काकेशसमधून आलेले लढवय्ये आणि रशियाची मदत अबखाजांच्या पाठीशी होती. शहरात जॉर्जियनांची कत्तल झाली, आणि दोन लाखांहून अधिक जॉर्जियनांनी प्रदेश सोडला. किनाऱ्याचा रस्ता बंद झालेल्यांपुढं एकच वाट होती, कोदोरीच्या काठानं वर, साकेनीपर्यंत, आणि तिथून खिंड ओलांडून स्वानेतीतल्या चुबेरीकडे. किनाऱ्यावर तेव्हा अजून उन्हाळी कपडे चालतात. माणसं जशी होती तशी निघाली होती, कोणाच्या पायात सपाता, कोणाच्या अंगावर साधा सदरा. खिंडीत बर्फ पडायला लागलं होतं. थंडीनं आणि उपासमारीनं शेकडो माणसं त्या वाटेवर मेली, त्यांत म्हातारी माणसं आणि लेकरं जास्त. १८६७ मध्ये याच खोऱ्यातून अबखाज खाली समुद्राकडे निघाले होते. सव्वाशे वर्षांनी जॉर्जियन वर बर्फाकडे निघाले. नदी तीच, फक्त दिशा उलटी.

युद्धानंतर खालचं खोरं अबखाजांकडे आणि लातावरचं स्वानांकडे राहिलं. तिथं जॉर्जियाचं राज्य नावापुरतंच होतं. खरा अंमल ‘मोनादिरे’, म्हणजे शिकारी, नावाच्या स्थानिक सशस्त्र दलाचा, आणि त्याचा म्होरक्या एमझार क्वित्सियानी. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक गस्तीला येत आणि अनेकदा पळवले जात. ऑक्टोबर २००१ मध्ये चेचेन सेनानी रुस्लान गेलायेव माणसं घेऊन या खोऱ्यातून खाली उतरला, आणि ८ ऑक्टोबरला निरीक्षकांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं. आतले नऊही जण गेले. एप्रिल २००२ मध्ये रशियन छत्रीधारी सैनिक न विचारता वरच्या खोऱ्यात उतरले आणि दोन दिवसांत निघून गेले. २००६ च्या जुलैत जॉर्जियाचे अध्यक्ष साकाश्विली यांच्या सरकारनं मोनादिरे मोडून काढलं, सप्टेंबरात खोऱ्याला ‘वरचा अबखाझिया’ असं नवं नाव दिलं, आणि सुखुमीतून परागंदा झालेल्या जॉर्जियन-धार्जिण्या सरकारचं कार्यालय च्खाल्तात थाटलं. रस्ता झाला, दवाखाना झाला, शाळा दुरुस्त झाली. पण ते सगळं जितकं गावकऱ्यांसाठी होतं तितकंच खाली सुखुमीला दिसावं म्हणून होतं, असं माझं मत आहे. दोन हजार लोकांच्या खोऱ्यात एका अख्ख्या प्रदेशाचं सरकार आणून बसवलं की ते खोरं निशाण बनतं. मार्च २००७ मध्ये रात्री हेलिकॉप्टरांतून त्या इमारतीवर मारा झालाच.

ऑगस्ट २००८. जॉर्जियातून फुटलेल्या दुसऱ्या प्रदेशात, दक्षिण ओसेतियात, युद्ध पेटलं. ९ तारखेला वरच्या कोदोरीवर विमानांचा आणि तोफांचा मारा सुरू झाला आणि १२ तारखेला अबखाज फौज आत आली. तोवर जॉर्जियन पोलीस आणि गावकरी निघून गेलेले होते. पुन्हा तीच खिंड, या वेळी सुदैवानं उन्हाळ्यात. मागं शेदोनशे माणसं राहिली. पुढं युरोपीय महासंघानं नेमलेल्या तथ्यशोधन समितीनं सप्टेंबर २००९ च्या अहवालात दक्षिण ओसेतियाची राजधानी त्स्खिनवालीवर हल्ला चढवून युद्धाला तोंड फोडण्याचा दोष जॉर्जियाला दिला, पण कोदोरीवरच्या या चढाईला आंतरराष्ट्रीय कायद्यात आधार नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं. आणि जून २००९ मध्ये रशियानं नकाराधिकार वापरला, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांची निरीक्षक मोहीमही बंद पडली.

आज जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, वैद्यकीय शिक्षणासाठी हजारो भारतीय मुलं जातात, त्यांत मराठी मुलंही आहेत. कॅफेच्या दारावर, भिंतींवर ‘आमचा वीस टक्के देश रशियाच्या ताब्यात आहे’ असं लिहिलेलं त्यांना रोज दिसतं. ते खोटं नाही. कोदोरीत २००८ मध्ये रशियाचं बळ नसतं तर अबखाज फौज वर पोहोचली नसती, हेही उघड आहे. पण त्या वाक्यात १८६७ नाही, जळालेलं अभिलेखागार नाही. सुखुमीत एखादं तसंच वाक्य भिंतीवर लिहिलं, तर त्यात १९९३ ची खिंड नसेल. आपण बाहेरचे आहोत, आपल्याला कोणाच्या मतांची भीती नाही. निदान आपण तरी अर्धं वाचून बाजू घेऊ नये.

मग मागायचं काय? माझ्या मते, खोरं कोणाच्या नकाशात रंगवायचं हा प्रश्न बाजूला ठेवून कोदोरीच्या स्वानांना घरी येऊ द्यावं.

अबखाझियाच्या सरकारला हा युक्तिवाद सर्वांत आधी पटायला हवा, कारण तो त्यांचाच आहे. मुहाजिरांच्या वंशजांना परत येण्याचा हक्क आहे, असं ते १९९० च्या दशकापासून सांगत आले. त्यासाठी त्यांनी समिती नेमली, कायदा केला, आणि सीरियात यादवी पेटल्यावर २०१२-१३ मध्ये तिथल्या काहीशे अबखाज वंशजांना आणून वसवलंही. मला ते फार योग्य वाटतं. दीडशे वर्षांपूर्वी हाकललेल्याच्या पणतूला ज्या तत्त्वावर घर मिळतं, त्याच तत्त्वावर २००८ मध्ये घराला कुलूप लावून निघालेल्या, आजही जिवंत असलेल्या बाईला ते कसं नाकारता येईल? तिचे आजोबा दालच्या रिकाम्या वस्तीत आले म्हणून? मग त्याच न्यायानं सुखुमीत कितीजण उरतील?

यावर अबखाज उत्तर देतात ते संख्येचं. सगळे जॉर्जियन परत आले तर आम्ही पुन्हा शंभरात अठरा. ही भीती खरी आहे, मी वर तिची कारणं सांगितली. पण कोदोरीचा प्रश्न दोन लाखांचा नाही. तो दोन हजारांचा आहे. अबखाझियाच्याच, जॉर्जियाला लागून असलेल्या गाली जिल्ह्यात हजारो मिंग्रेलियन जॉर्जियन १९९० च्या दशकाअखेरीपासून परतले, आजही राहतात, त्यांच्या शाळांचे आणि कागदपत्रांचे हाल आहेत, पण ते घरी आहेत, आणि अबखाझिया त्यानं बुडालेलं नाही. दुसरं उत्तर सुरक्षेचं. वरचं खोरं जॉर्जियाच्या हाती असताना सुखुमीच्या डोक्यावर बंदूक होती, असं ते म्हणतात. हेही काही अंशी खरं आहे, आणि त्यावर उपाय शस्त्राविना परत येणं आणि बाहेरच्या निरीक्षकांची गस्त हाच असू शकतो. जी गस्त रशियानं बंद पाडली, ती परत मागण्यात अबखाजांचंही हित आहे. नाहीतर घाट पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या हाती जाईल. क्लुखोरवरून सुखुमीपर्यंतचा जुना लष्करी रस्ता पुन्हा बांधायची भाषा रशियात अधूनमधून ऐकू येतेच.

तिबिलिसीकडून मागायचं आहे ते जास्त अवघड आहे, कारण त्यात जमीन नाही, शब्द आहेत. मे २०११ मध्ये जॉर्जियाच्या संसदेनं झारच्या फौजांनी वायव्य काकेशसमधल्या चेर्केस लोकांचा वंशसंहार केला, असा ठराव केला. जगात असं करणारा तो पहिला देश. धाडसाचं काम होतं, रशियाला डिवचण्याचा हेतू त्यात असला तरी. पण शेजारच्या डोंगरातल्या, आपल्याच म्हणवलेल्या भूमीतल्या अबखाजांची १८६७ ची हद्दपारी त्यात नव्हती. ती त्याच जोरानं म्हटली पाहिजे. ऑक्टोबर १९९२ च्या आगीची जबाबदारी घेतली पाहिजे. मिसिमियन कोण होते यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा, पण राजकारण्यांनी तो शब्द भाषणात वापरणं सोडलं पाहिजे. आणि खोऱ्याला राजधानीचा दर्जा देणं, नावं बदलणं, निशाणं रोवणं असले खेळ पुन्हा होणार नाहीत, हे स्वानांनाच आधी सांगायला हवं. २००६ ची ती शोभा त्यांना दोन वर्षांत घराबाहेर काढून गेली.

काहीजण म्हणतील, अशा छोट्या गोष्टीनं मोठा तंटा सुटत नाही. कबूल. पण मोठा तंटा सुटेपर्यंत माणसं मरतात. कोदोरीचे जे स्वान आज तिबिलिसीत किंवा इतर शहरांत विस्थापितांसाठीच्या इमारतींत राहतात, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी शेवटचा घास आझाराच्या किंवा साकेनीच्या अंगणात खावा, इतकी तरी घाई कोणाला तरी असायला हवी. खोऱ्यातली स्वान बोली वेगळी पडत गेलेली. ती बोलणारी मुलं आता शहरात वाढतात, आणि शहरात ती कोणाशी बोलणार?

ऑक्टोबर २००८ पासून जिनिव्हात जॉर्जिया, रशिया, अबखाझिया, दक्षिण ओसेतिया आणि अमेरिका यांचे प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रं, युरोपीय महासंघ आणि युरोपीय सुरक्षा संघटना यांच्या मध्यस्थीनं बसतात. दोन गट असतात, एक सुरक्षेचा, दुसरा माणसांच्या प्रश्नांचा. या दुसऱ्या गटात विस्थापितांच्या परतीचा विषय निघाला की रशियाचे, अबखाझियाचे आणि दक्षिण ओसेतियाचे प्रतिनिधी उठून जातात. असं कित्येक फेऱ्यांत झालं आहे. पुढच्या फेरीत तिथं ‘परतीचा हक्क’ असा मोठा विषय मांडूच नये. च्खाल्ता, आझारा, गेन्त्स्विशी, साकेनी अशी एकेका गावाची नावं लिहावीत, त्यांपुढं घरं किती, मालक कोण, हयात कोण हे लिहावं, आणि शेजारच्या रकान्यात १८६७ पूर्वी त्याच जागी जी दालची वस्ती होती तिचं नावही लिहावं. तो कागद टेबलावर ठेवून विचारावं, यातलं पहिलं घर कधी उघडायचं.